सासऱ्यांची जीप, चोवीसास एक

उमरगा तालुक्यात ज्याला गाडी चालवता येत नाही आणि तरीही गाडीच्या बाबतीत ज्याच्या नादी कुणी लागू नये, असा माणूस एकच आहे, आणि देवाच्या दयेनं तो माझा साडू आहे. देवाच्या दयेनं एवढ्यासाठी म्हणायचं, की साडू काही आपण निवडत नाही. मुलगी बघायला गेलेला माणूस हुंडा, पत्रिका, सासऱ्याची जमीन सगळ्याची चौकशी करतो, पण पुढं कधीतरी आपल्या धाकट्या मेहुणीचा नवरा कसा निघेल हे विचारायचं कुणाला सुचत नाही. माझ्या लग्नात तर ही मेहुणी फ्रॉक घालून माझा बूट लपवत होती, आणि तिचा भावी नवरा तिकडं मुरूमच्या शाळेत आठवीच्या बाकावर बसून भूमितीच्या वहीत ट्रॅक्टर काढत असावा. आम्ही साडू झालो ते पुढं दहा-बारा वर्षांनी. तोवर मी एकुलता एक जावई म्हणून सासुरवाडीला चांगला सोकावलो होतो.

साडूभाऊंचं मुरूमला चष्म्याचं दुकान आहे. म्हणजे पाटी चष्म्याची आहे. आत गेलं की काउंटरच्या पुढच्या बाजूला चष्मे आणि मागच्या बाजूला गॅरेज. हे गॅरेज टेबलाच्या एका कप्प्यात मावतं, कारण साडूभाऊ गाड्या बनवतात त्या वीतभर लांबीच्या. खऱ्या गाडीचे चोवीस इंच म्हणजे त्यांचा एक इंच. या मापाला ते 'चोवीसास एक' म्हणतात, आणि हे शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा सत्यनारायणाला बसलेल्या माणसासारखा होतो. सायकलच्या ट्यूबचे टायर, छत्रीच्या काडीचा एक्सल, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून केलेले आरसे, आणि चष्म्याचे बारके स्क्रू तर घरचेच. दार उघडतं, बॉनेट उघडतं, बॉनेटखाली वायरी असतात, आणि सीट उचलली तर सीटखाली जॅक असतो. तो जॅक कुणाला दिसणार, असं मी एकदा विचारलं. "दिसायचं काय त्यात? पंक्चर झाली तर?" असं ते म्हणाले. आमच्या हिनं एकदा विचारलं, "ही चालती का हो?" त्यावर साडूभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्का, फोटोतला माणूस जेवतो का?"

दुकानात गिऱ्हाईक आलं, की भिंग लावलेला डोळा वर न करता ते म्हणतात, "बसा, स्टिअरिंग ओलं हाय." मुरूमच्या लोकांना आता सवय झाली आहे. स्टिअरिंग वाळेपर्यंत माणसं बसतात, पेपर वाचतात, एकमेकांच्या डोळ्यांची विचारपूस करतात. बाहेरगावचं नवखं गिऱ्हाईक मात्र दचकून मागं सरकतं आणि खुर्चीला काही रंग लागलाय का बघतं.

कारखान्यातून निघालेली कोरी गाडी बनवण्यात साडूभाऊंना रस नाही. "नवी गाडी समद्यांची सारखीच असती," असं त्यांचं मत. "चार पोचे पडले की मग ती कुणाची तरी होती." म्हणून ते गावातल्या ठरावीक माणसाची ठरावीक गाडीच बनवतात, आणि ती एका ठरावीक दिवशी जशी होती तशी. मुरूममधल्या एका डॉक्टरांच्या गाडीच्या डाव्या दाराला बैलाच्या शिंगानं पडलेला एक पोचा होता. तो पोचा जमायला साडूभाऊंचा अख्खा उन्हाळा गेला. दार सहा वेळा बनवलं. शेवटी पोचा जमला, त्यात गंजाची कड जमली, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सोलापूरला जाऊन गाडीचा पोचा काढून, नवा रंग मारून आणला. दुसरा कुणी असता तर त्यानं आपली गाडी बदलली असती. साडूभाऊ एवढंच म्हणाले, "डॉक्टरची गाडी चुकली." पुढं बरेच दिवस आपला ताप-खोकला ते दुसऱ्या डॉक्टरकडं नेत होते.

मापं घेण्यासाठी ते कुठल्याही गाडीखाली शिरतात. नळदुर्गच्या एका लग्नात अक्षता पडायची वेळ झाली तरी साडूभाऊंचा पत्ता नाही, म्हणून मी शोधायला मांडवाबाहेर गेलो, तर एका पाहुण्याच्या गाडीखालून त्यांचे पाय दिसले. शेजारी गाडीचा मालक उकिडवा बसून अत्यंत आदरानं सांगत होता, "आन मिस्त्री, ब्रेकबी जरा उशिरानं लागतेत बघा." खालून आवाज आला, "ते मी बनवतच न्हाय." मालक उठून माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री तुमच्याकडचे का? जरा तापट दिसतेत."

आमच्याकडं नवी गाडी घेतली की ती आधी तुळजापूरला जाते आणि मग घरी. साडूभाऊंचीही प्रत्येक गाडी जाते. फक्त ती एसटीनं, जेवणाच्या डब्यात, कापसात गुंडाळून. एकदा मी बरोबर होतो. पुजाऱ्यानं पूजेचं ताट तयार केलं, हळद-कुंकू कालवलं आणि विचारलं, "गाडी कुठं लावलीय?" साडूभाऊंनी डबा उघडला. पुजाऱ्यानं आधी डब्यात बघितलं, मग माझ्याकडं. मी आभाळाकडं बघितलं. तरी पुजारी भला माणूस. त्यानं करंगळीच्या टोकानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं. अडचण आली ती लिंबाची. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घ्यायची रीत, आणि इथं लिंबू गाडीच्या बॉनेटाएवढं. साडूभाऊ घरून तयारीनं आले होते. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि चार चाकांखाली चार धने ठेवले.

"धन्यानं दृष्ट निघत नसती," पुजारी म्हणाला.

"चोवीसास एक निघंल की," साडूभाऊ म्हणाले. "दृष्टबी तेवढीच लागनार हाय."

गाडी बोटानं पुढं ढकलली, धने फुटले, आणि आम्ही प्रसाद घेऊन परत डब्यात बसलो. म्हणजे गाडी डब्यात बसली, आम्ही एसटीत.

हे सगळं मी इतक्या शांतपणे सांगतोय, पण या माणसानं मला स्वतःला जो त्रास दिला तो जीपपायी. आमच्या सासऱ्यांची एक जीप होती. आम्ही जावई त्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. त्यांचं गाव सास्तूरच्या बाजूला. भूकंपात ते गाव गेलं आणि पलीकडच्या माळावर पुन्हा वसलं. मामांचं घर पडलं, मात्र माणसं वाचली, आणि अंगणाबाहेर लिंबाखाली उभी असलेली जीप वाचली. त्या जीपमधून मामांनी कितीतरी दिवस जखमी माणसं उमरग्याला नेली. त्यावर आमच्या घरात कुणी फार बोलत नाही. पुढं जीप विकली गेली आणि चार वर्षांनी मामा गेले. धाकटीचं लग्न त्यानंतरचं. म्हणजे साडूभाऊंनी सासरेही बघितले नाहीत आणि जीपही नाही, आणि घराबरोबर फोटोही मातीत गेलेले. असल्या गाडीची प्रतिकृती करायचं त्यांनी लग्न झाल्याझाल्या मनावर घेतलं.

"साडूभाऊ," मी त्यांना एकदा म्हणालो, "जी गाडी तुम्ही बघितलीच नाही ती कशाला? तालुक्यात इतक्या गाड्या पडल्यात."

ते ब्रशचं टोक ओठांनी सारखं करत होते. म्हणाले, "तुम्हाला सासरा मिळाला, दाजी. मला जीप तरी मिळू द्या."

यावर मी गप्प बसलो, आणि तीच माझी चूक झाली. कारण त्या दिवसापासून मी साक्षीदार झालो. त्या जीपमधून वरात निघालेला मी एकटाच. बारशात, बाराव्यात, कुठंही गाठ पडली की साडूभाऊ मला बाजूला घ्यायचे. "गिअरचा दांडा सरळ होता का वाकडा?" मी म्हणायचो, "अहो, मी नवरदेव होतो." ते म्हणायचे, "म्हणूनच विचारतो. पुढं बसला असताल." मला त्या जीपमधलं एकच आठवत होतं, की सीटमधून एक स्प्रिंग वर आली होती आणि ती कुठं टोचत होती. ते त्यांनी लगेच मापासकट टिपून घेतलं. मग माझ्या लग्नाचा एक फोटो निघाला, आमच्या घरी असल्यामुळं वाचलेला. त्यात मुंडावळ्या बांधलेला मी, आणि माझ्या मागं जीपचं मडगार्ड नि अर्धा दिवा. साडूभाऊंनी तो फोटो भिंगाखाली धरून तासभर बघितला. त्या वयात मी बरा दिसायचो, असं मला वाटतं, त्यामुळं काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. ते बोलले. म्हणाले, "तुमचं डोकं नेमकं आडवं आलंय."

रंगावरून तर घरात फाटाफूट झाली. आमची ही म्हणायची, जीप आभाळी होती. तिचा भाऊ म्हणायचा, हिरवी, मिलिटरीसारखी. "तुला काय कळतंय, तू शाळेला होतास." "आन तू काय कॉलेजात होतीस का?" असं करत ती दोघं एका दिवाळीला एकमेकांशी बोलली नाहीत आणि भाऊबीज मला मध्यस्थीनं करावी लागली. शेवटी मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "धुळीच्या रंगाची." बाकी मामींना काहीही विचारा, पुढची जाळी कशी होती, काच किती तुकड्यांची होती, नंबराची पाटी कुठं होती, त्यांचं उत्तर एकच: "मला काय ठावं? बाप्यांची गाडी ती." साडूभाऊ हताश व्हायचे. "सत्तर टक्के पुरावा मामीकडं हाय, आन साक्षीदार फुटलाय," असं म्हणून त्यांनी जीपचा अर्धवट सांगाडा कप्प्यात ठेवून दिला. तो तिथं वर्षानुवर्षं राहिला.

तो बाहेर निघाला मामींच्या डोळ्यांमुळं. दोन वर्षांमागं मामींना कमी दिसायला लागलं म्हणून मेहुण्यानं त्यांना मुरूमच्या दुकानात आणलं. मी होतो. साडूभाऊंनी एकेक काच घालून बघितली. "आता?" "न्हाय." "आता?" "तसंच हाय." असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी काचा घालायचं थांबवलं, स्वतःचा चष्मा काढला आणि विनाकारण पुसत बसले. "मामी," ते म्हणाले, "एकदा सोलापूरला जाऊन येऊ." सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली डोळ्यांत थेंब घालून धरून ठेवायची, ती किती दिवस राहील ते सांगता येत नाही. परतीच्या एसटीत मामी झोपल्या होत्या. साडूभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ह्यावर चष्मा नसतो, दाजी." आणि थोड्या वेळानं, "जीप आता व्हायला पायजे. त्यांना दिसतंय तवर."

मग गावातल्या सगळ्या गाड्या बंद झाल्या. दुकानात नुसती जीप. लोहाऱ्याच्या भंगारवाल्याकडं त्याच बनावटीचा एक सांगाडा पडला होता, त्याखाली ते तीन रविवार आडवे झाले. रंगाचा वाद त्यांनी कसा मिटवला ते ऐकण्यासारखं आहे. आधी हिरवा मारला, मग आभाळी मारला, मग जुन्या गावाच्या जागेवर जाऊन, जिथं लिंब होता तिथली माती कुंकवाच्या डबीत आणली, वस्त्रगाळ केली आणि सगळ्या जीपवर बसवली. खाली कुठला रंग आहे ते आता कुणालाच कळेना. बहीण-भाऊ दोघांनीही बघून "म्हणत होते ना मी," "म्हणत होतो ना मी," असं समाधान व्यक्त केलं. जीपच्या मागच्या बाजूबद्दल मात्र कुणाकडूनच काही मिळालं नाही. पुरुष माणसं गाडीचं तोंड सांगतात, पाठ कुणी बघत नाही. तेव्हा ती भंगारातल्या जीपवरून साधीच केली: कापडी टप, त्याचा खाली सोडलेला पडदा, एक जादा चाक.

सकाळचं ऊन अंगणात आलं की मामींना त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणून आम्ही सगळे आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो. सकाळी चहा झाल्यावर मामींना उन्हाकडं पाठ करून बसवलं, पुढ्यात पाट ठेवला आणि साडूभाऊंनी पाटावर जीप ठेवली. तोंड मामींकडं. मडगार्ड, दिवे, जाळी, माझ्या स्प्रिंगसकट सगळं. मामी वाकून बघत राहिल्या. बराच वेळ. साडूभाऊंच्या कपाळावर घाम आला होता, आणि नोव्हेंबर चालू होता.

"लई सुरेख केलीया," मामी म्हणाल्या. "कुनाची म्हनायची ही?"

मग आमची ही म्हणाली, "आई, नीट बघ की. आपली जीप हाय."

"बगतीया की गं. पन ही आपली न्हाय."

साडूभाऊंनी एकदा मडगार्डकडं बोट केलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुरावे मांडणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी एकही पुरावा मांडला नाही. "असू द्या, मामी," एवढंच म्हणाले आणि डब्यात ठेवायला जीप उचलली. उचलताना ती फिरली.

"थांबा," मामी म्हणाल्या. "जावईबापू, तशीच धरा. तशीच ठिवा खाली."

जीपची पाठ मामींकडं झाली होती. मामींनी मान तिरकी केली, उरलेली नजर जिथून येते तिथून बघितलं आणि म्हणाल्या, "आता आपली."

"आगं आई, जीप तर तीच हाय की," मेहुणा म्हणाला.

"तुला तीच रं. म्या म्होरनं कवा बगितली ती? वसरीवर समदी बाप्ये बसायची. निगाली की दारातनं पाठच तेवढी दिसायची. आन येताना अंदार, दिव्यानं डोळं दिपायचं. म्होरनं नुसता उजेड बगितलाय म्या." मग त्या एकदम म्हणाल्या, "ठिगळ कुटं हाय?"

"कसलं ठिगळ?" साडूभाऊंचा आवाज बदलला होता.

"ह्या पडद्याला. डाव्या अंगाला फाटला व्हता. म्या माज्या इरकलीचं लावलं व्हतं, हिरवं. गाडी पार वड्यापल्याड गेली तरी तेवढं हिरवं दिसायचं."

वर्षानुवर्षं 'मला काय ठावं' म्हणणारी बाई बोलायला लागली. पडद्याची दोरी कुठल्या बाजूला लोंबायची, मागच्या फळीवर पाय देऊन देऊन कुठं झिजलं होतं, पोरं कुठं लोंबकळायची. जीप चार ठिकाणी चुकली होती, आणि आपली चूक ऐकताना इतका खूश झालेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही. धाकटीनं आतून वाकळ आणली, तिच्या कडेला जुन्या इरकलीचा तुकडा होता. चष्म्याच्या पेटीतल्या कात्रीनं साडूभाऊंनी नखाएवढं कापड कापलं. त्या कापडाचा दोरा चोवीसास एकच्या हिशेबात कासऱ्याएवढा जाड होता, हे मलाही दिसत होतं. ते काही म्हणाले नाहीत. मामींनी बोटानं जागा दाखवली, त्यांनी ठिगळ चिकटवलं.

"आता तिचं त्वांड दाराकडं करा," मामी म्हणाल्या.

त्यांनी पाट फिरवला. अंगणाच्या दारातून रस्ता आणि पुढं ज्वारी दिसत होती. मामींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि बघत बसल्या. मग आम्ही सगळे काहीतरी कामाचं निमित्त करून आत गेलो.

जीप तिथंच राहिली, मामींच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेर तोंड करून. आता मामींना उजेड-अंधाराच्या पलीकडं काही दिसत नाही. मेहुण्याची बायको सांगते, सकाळी उठल्यावर त्या हात पुढं करतात आणि ठिगळ लागेपर्यंत चाचपतात.

त्या दिवशी परत येताना आम्ही दोघं उमरग्यापर्यंत एकाच एसटीत होतो. साडूभाऊंच्या मांडीवर रिकामा डबा होता. मी मनातून तयारीत होतो, की आता हे मला ओढ्याची रुंदी विचारणार किंवा दोरीची जाडी. त्यांनी डब्याचं झाकण काढून पुन्हा लावलं. मग म्हणाले, "दाजी, मामा माणूस कसे होते हो?"

मला वाटलं होतं, मला काही आठवत नाही. पण मी सांगायला लागलो. बोलायचे कमी, म्हणालो. जेवताना स्वतःच्या ताटाकडं न बघता दुसऱ्याच्या ताटाकडं बघायचे. जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसली तरी रस्त्यात हात केलेल्या माणसासमोर थांबायचे आणि 'बसा' म्हणायचे. कुठं बसा, ते सांगायचे नाहीत. साडूभाऊ हसले. "आन?" म्हणाले. मी आणखी सांगितलं. उमरगा येईपर्यंत सांगत राहिलो, आणि त्यांनी मला एकदाही माप विचारलं नाही.